धडा कुणासाठी? फ्रेंच साहित्यातल्या नीतिबोधाविषयी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं.

संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘फ्रेंच साहित्यातील नीतिबोध: मध्ययुग ते आजपर्यंत’. मी त्यांना म्हटलं, अहो, एवढं एका तासात सांगायचं तर नुसती नावं घेण्यातच वेळ संपेल. शिवाय मी साहित्याचा प्राध्यापक नव्हे. जन्मभर नीतिशास्त्र शिकवलं. रूसो मुळातून वाचायचा म्हणून तिशी उलटल्यावर संध्याकाळच्या वर्गात बसून फ्रेंच शिकलो आणि मग त्या भाषेतलं इतर काही वाचत गेलो. तेव्हा आज सगळा इतिहास सांगणार नाही. एक प्रश्न घेणार आहे आणि तो हातात धरून पाच-सहा पुस्तकांच्या दारात उभा राहणार आहे. प्रश्न रूसोचाच आहे. गोष्ट ऐकणारा माणूस त्या गोष्टीत कोण होतो?

त्याआधी एका शब्दाबद्दल सांगतो, कारण तिथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. फ्रेंचमध्ये काही लेखकांना ‘मोरालिस्त’ म्हणतात. ला रोशफूको, ला ब्र्यूयेर, त्यांच्याआधीचा मोंतेन. आपण याचं भाषांतर पटकन ‘नीतिवादी’ किंवा ‘उपदेशक’ असं करतो आणि फसतो. मोरालिस्त म्हणजे माणसं कशी वागतात हे बारकाईनं बघणारा आणि बघितलेलं लिहून ठेवणारा. माणसांनी कसं वागावं हे सांगणाऱ्यासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, आणि तो फारसा आदराचा नाही. आपला ‘नीती’ हा शब्द ‘नी’ या धातूपासून आला, म्हणजे नेणं. आपल्या शब्दात कुणीतरी पुढे चालतो आणि बाकीचे मागून जातात. फ्रेंच शब्दाच्या मुळाशी रीतभात आहे, माणसांच्या सवयी आहेत. ला रोशफूकोचं सूत्रांचं पुस्तक १६६५ साली आलं. त्यात दातृत्व, नम्रता, कृतज्ञता असे एकेक सद्गुण घेऊन तो त्यांच्या मागे दडलेलं आत्मप्रेम दाखवत जातो. हे करा, ते करू नका, असं त्यात जवळजवळ कुठेच नाही. पण चार पानं वाचली की आपण अस्वस्थ होतो. कारण काल कुणाला तरी केलेली मदत आठवते, आणि ती का केली तेही आठवतं.

आता ला फोंतेनकडे येऊ. १६६८ साली त्याच्या बोधकथांचा पहिला संग्रह निघाला. सहा भाग, आणि अर्पण कुणाला? चौदाव्या लुईच्या मुलाला, युवराजाला. युवराजाचं वय तेव्हा सहा वर्षांचं. इथे आपल्याला लगेच पंचतंत्र आठवेल. तिथेही राजपुत्रच आहेत, अमरशक्ती राजाचे तीन मंदबुद्धी मुलगे आणि त्यांना सहा महिन्यांत शहाणं करायचा विडा उचललेला विष्णुशर्मा. हे साम्य वरवरचं नाही. १६७८ च्या दुसऱ्या संग्रहाच्या सुरुवातीला ला फोंतेन मोकळेपणानं सांगतो, की यातल्या बऱ्याच कथा मी पिलपे नावाच्या भारतीय ऋषीकडून घेतल्या आहेत. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत गेलं, आठव्या शतकात अरबीत ‘कलीला व दिम्ना’ झालं, पुढे फारसीत आलं आणि फारसीतून १६४४ साली फ्रेंचमध्ये उतरलं. म्हणजे आपल्याकडची गोष्ट हजार वर्षं चालत पॅरिसला पोचली.

पोचल्यावर तिचं काय झालं, ते एका उदाहरणानं पाहू. पंचतंत्रातला तो कंजूष ब्राह्मण तुम्हाला माहीत आहे. सातूच्या पिठानं भरलेलं मडकं खुंटीला टांगलेलं, खाली खाट, आणि हा मनातले मांडे खातोय. पीठ विकून शेळ्या, शेळ्यांवरून गाई, गाईंवरून म्हशी, मग घोड्या, सोनं, घर, बायको, मुलगा. मुलाचं नावसुद्धा ठरलं, सोमशर्मा. बायको मुलाकडे लक्ष देत नाही म्हणून हा तिला लाथ मारतो, लाथ लागते मडक्याला, आणि हा पिठानं पांढराफटक. आपण हसतो. तो तिथे आहे, आपण इथे आहोत.

ला फोंतेनच्या दुसऱ्या संग्रहात या ब्राह्मणाची एक दूरची नात आहे, पेरेत नावाची गवळण. डोक्यावर दुधाचं भांडं घेऊन बाजाराला निघालीय. तिचा हिशोब असा: दुधाची अंडी, अंड्यांची पिल्लं, मग डुक्कर, मग गाय आणि वासरू. वासरू कळपात कसं उडी मारेल या आनंदात ती स्वतःच उडी मारते आणि दूध सांडतं. आता नवऱ्याची माफी मागायला जायचंय, मारही बसेल कदाचित. इथपर्यंत गोष्ट ओळखीची आहे. यानंतर उपदेश येणार असं आपल्याला वाटतं, आणि कवी काय करतो? तो म्हणतो, असं कोण करत नाही? शहाणे करतात, वेडे करतात. आणि मग सरळ स्वतःवर येतो. एकटा असलो की मीही राजा होतो, प्रजा माझ्यावर प्रेम करते, मुकुटांवर मुकुट माझ्या डोक्यावर येतात, आणि मग काहीतरी घडतं आणि मी होतो तसाच पुन्हा साधा माणूस. हा मी सांगतोय तो सारांश आहे, शब्द माझे. पण कथेचं वळण हेच आहे. बोध सांगायची वेळ आली तेव्हा बोध सांगणारा स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला, आणि तोही हसत. मला वाटतं, फ्रेंच साहित्यातल्या नीतिबोधाचं सगळ्यात मोठं यश या वळणात आहे.

त्याच लेखकाच्या पहिल्याच कथेत, नाकतोडा आणि मुंगीच्या कथेत, गंमत उलटी आहे. फ्रेंचमध्ये तो नाकतोडा नसून सीगाल आहे, उन्हाळाभर झाडावर बसून गाणारा किडा. हिवाळ्यात ती मुंगीच्या दाराशी उसनं मागायला येते, मुंगी विचारते उन्हाळ्यात काय करत होतीस, ती म्हणते गात होते, आणि मुंगी तिला आता नाच म्हणून हाकलते. कथा संपली. बोध? एक ओळही नाही. ‘कष्ट करा, साठवा’ हा बोध आपल्या क्रमिक पुस्तकांनी चिकटवला. ला फोंतेननं उलट एवढंच नोंदवलं आहे, की उसनं न देणं हा मुंगीचा अगदी बारीकसा दोष. आणि हा माणूस स्वतः कोण होता? त्याचा आश्रयदाता फुके १६६१ मध्ये राजाच्या आज्ञेनं कैदेत गेला, पुढे वीसेक वर्षं हा मादाम द ला साब्लिएर या बाईंच्या घरी राहिला. जन्मभर दुसऱ्याच्या दारी गाणारा माणूस मुंगीच्या बाजूनं कसा असेल?

आता रूसो. १७६२ साली ‘एमिल’ आलं, शिक्षणावरचा त्याचा मोठा ग्रंथ. पॅरिसच्या पार्लमेंटनं तो जाळायचा हुकूम दिला, हे त्यातल्या धर्मविषयक भागामुळे. पण त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात रूसो ला फोंतेनच्या कावळा आणि कोल्ह्याच्या कथेवर तुटून पडतो. एकेक ओळ घेतो आणि विचारतो, यातलं मुलाला काय कळलं? कोल्हा कावळ्याच्या गाण्याची खोटी स्तुती करतो, कावळा चोच उघडतो, खाली पडलेलं चीज कोल्हा घेऊन जातो. मोठ्यांना वाटतं, मूल शिकलं: खुशामतीला भुलू नये. रूसो म्हणतो, मुलांकडे नीट बघा. कावळा व्हायला एकही मूल तयार नाही. सगळ्यांना कोल्हा व्हायचंय. तसंच मुंगीचं. मूल मुंगी होतं, आणि नुसतं नाही म्हणायला शिकत नाही, नाही म्हणताना टोमणा मारायलाही शिकतं. सिंह असेल तिथे मूल सिंह होतं. आणि चिलटानं सिंहाला हैराण केलं, तर तेवढ्यापुरतं चिलट होतं.

मग त्यानं एक आठवण सांगितली आहे. लांडगा आणि कुत्र्याची कथा तुम्हाला माहीत असेल. उपाशी लांडग्याला धष्टपुष्ट कुत्रा म्हणतो, माझ्या मालकाकडे चल, पोटभर मिळेल. लांडगा निघतो, पण वाटेत त्याला कुत्र्याच्या मानेवरचा पट्ट्याचा वळ दिसतो आणि तो पळून जातो. एका लहान मुलीला वळण लागावं, तिनं ऐकावं, म्हणून मोठी माणसं ही कथा तिच्यापुढे सांगत होती. ती मुलगी रडायला लागली. कुणाला कळेना का. रूसो म्हणतो, तिला स्वतःच्या मानेवरचा पट्टा जाणवला होता. आपण लांडगा नाही याचं तिला रडू येत होतं.

हे वाचल्यापासून मी कुठलीही तात्पर्यकथा पूर्वीसारखी वाचू शकलेलो नाही. रूसोचं निरीक्षण असं, की बोध शेवटच्या ओळीत नसतो. ऐकणारा गोष्टीत कुठे उभा राहिला, यावर बोध ठरतो. आणि तो कुठे उभा राहील हे सांगणाऱ्याच्या हातात नसतं.

पण रूसोचं निदान बरोबर असलं तरी उपाय चुकला. त्याचा उपाय काय, तर मुलाच्या हातात या कथाच देऊ नका. नाटकांबद्दलही तेच. १७५८ साली द’आलांबेरला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात तो मोलिएरच्या ‘मिझांथ्रोप’बद्दल म्हणतो, की यातला आल्सेस्त हा सरळ माणूस आहे आणि नाटककारानं त्यालाच हास्यास्पद केलंय. प्रेक्षक सज्जनाला हसायला शिकतात. निरीक्षण इथेही तेच: प्रेक्षक कुणाच्या बाजूनं आहे? आणि उपाय इथेही तोच: जिनिव्हात नाटकगृह नको. मात्र तीन वर्षांनी हाच माणूस ‘ज्यूली’ ही कादंबरी लिहितो आणि प्रस्तावनेत म्हणतो की शीलवान मुलीनं कादंबऱ्या वाचू नयेत. आणि शिक्षणावरच्या सर्वांत प्रभावी ग्रंथाच्या या लेखकानं आपली पाचही मुलं अनाथालयात ठेवली होती, हे त्यानंच पुढे आत्मचरित्रात कबूल केलं आहे. मी हे त्याला खाली खेचायला सांगत नाही. दुसऱ्याच्या मुलाला काय वाचू द्यावं हे ठरवणं किती सोपं असतं, एवढंच यातून दिसतं.

मोलिएरचा विषय निघालाच आहे तर ‘तार्त्युफ’बद्दल दोन शब्द. १६६४ साली व्हर्सायला पहिला प्रयोग झाला आणि लगेच बंदी आली. १६६७ मध्ये नाव बदलून पुन्हा केला, पुन्हा बंदी. १६६९ मध्ये परवानगी मिळाली. ढोंगी धार्मिक माणसाचं हे नाटक. सगळे तार्त्युफबद्दल बोलतात, पण मला त्यातला घरमालक ओर्गाँ महत्त्वाचा वाटतो. याला हा ढोंगी हवा आहे. घरात आपला शब्द चालावा, आणि तो देवाच्या नावानं चालावा, यासाठी त्याला तार्त्युफ लागतो. आणि नाटकात एक क्लेआंत नावाचा शहाणा मेहुणा आहे. खरी भक्ती कोणती, खोटी कोणती, सगळं तो बिनचूक सांगतो. त्याचं कोण ऐकतं? कोणी नाही. ओर्गाँचे डोळे उघडतात ते टेबलाखाली लपून स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर. उपदेश नाटकात आहे, पण उपदेशानं काम होत नाही हेही नाटकालाच ठाऊक आहे. आणि बंदी का आली? प्रेक्षागृहातल्या काही वजनदार लोकांना वाटलं, हे आपल्याबद्दल आहे. म्हणजे बाण लागला होता.

अठराव्या शतकाच्या शेवटाकडे, १७८२ मध्ये, लाक्लोची ‘धोकादायक संबंध’ म्हणता येईल अशी पत्रात्मक कादंबरी आली. दोन उमराव, एक पुरुष आणि एक स्त्री, दुसऱ्यांची आयुष्यं खेळ म्हणून नासवतात आणि एकमेकांना पत्रांतून त्याचा अहवाल देतात. पुस्तकाला एक नाही, दोन प्रास्ताविकं आहेत. एकात ‘संपादक’ गंभीरपणे सांगतो की ही पत्रं नीतीच्या दृष्टीनं उपयोगी आहेत. दुसऱ्यात ‘प्रकाशक’ सांगतो की हे सगळं खोटं असणार, आपल्या या प्रबुद्ध शतकात असली माणसं असतीलच कशी! शेवट मात्र अगदी नीतिकथेसारखा: व्हाल्माँ द्वंद्वात मरतो, मर्तय बाईंना देवी येतात, डोळा जातो, खटला हरतात, पैसा जातो. मला हा शेवट लेखकानं चढवलेला वेष वाटतो. खरा बोध आधीच झालेला असतो. दुसऱ्यांची खाजगी पत्रं पावणेदोनशे पत्रांपर्यंत आपण चवीनं वाचत आलो, त्यांच्या हुशारीला दाद देत आलो, आणि एका साध्या बाईचा घात होतोय हे दिसत असूनही पुढचं पत्र उलटत राहिलो. देवी मर्तय बाईंना आल्या, पण आपलं काय?

आता एकोणिसावं शतक. इथे नीतिबोधाच्या मागे सरकार उभं राहिलं, म्हणून थोडं थांबू. १८८२ च्या कायद्यानं ज्यूल फेरीनं सरकारी प्राथमिक शाळेतून ‘नैतिक आणि धार्मिक’ शिक्षण काढून ‘नैतिक आणि नागरिक’ शिक्षण आणलं. चर्चच्या हातातून नीती शाळामास्तरांच्या हातात आली. त्याआधी पाच वर्षं, १८७७ साली, एक वाचनपुस्तक निघालं होतं: दोन मुलांची फ्रान्सयात्रा. लेखकाचं नाव छापलेलं ‘जी. ब्रूनो’. खरी लेखिका ओग्युस्तिन फुये, तत्त्वज्ञ आल्फ्रेद फुये यांची पत्नी. जर्दानो ब्रूनो या जाळून मारलेल्या विचारवंताचं नाव तिनं घेतलं होतं. १८७१ च्या पराभवानंतर लोरेन प्रांतातल्या फाल्सबूर गावची दोन अनाथ भावंडं, आंद्रे चौदा वर्षांचा, ज्युलियाँ सात वर्षांचा, काकाला शोधत सगळा देश पालथा घालतात. वाटेत कोणी चीज करायला शिकवतो, कोणी लोखंडाची भट्टी दाखवतो, कोणी प्रामाणिकपणाचा धडा देतो. लाखो प्रती खपल्या, पिढ्याच्या पिढ्या त्यावर वाचायला शिकल्या. १९०६ च्या आवृत्तीतून देवाधर्माचे उल्लेख काढून टाकले गेले. धडे तसेच राहिले.

या पुस्तकाला नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. खेड्यातल्या गरीब मुलाला त्यानं सांगितलं की हा देश तुझा आहे आणि कष्ट करणाऱ्याला इथे मान आहे. ही लहान गोष्ट नव्हे. पण रूसोचा प्रश्न लावून बघा. त्यात वाचणाऱ्या मुलाला उभं राहायला एकच जागा आहे, आंद्रे आणि ज्युलियाँच्या शेजारी. ती दोघं चांगलीच आहेत. त्यांना कधी कोल्हा व्हावंसं वाटत नाही. म्हणून वाचणाऱ्या मुलाच्या मनातल्या कोल्ह्याला त्या पुस्तकात जागाच नाही. तो कुठे जातो? तो वर्गाबाहेर वाट बघत बसतो.

आणि आता न्यायालय. २९ जानेवारी १८५७, पॅरिस. आरोपी फ्लोबेर, पुस्तक ‘मादाम बोव्हारी’, आरोप सार्वजनिक नीती आणि धर्म यांचा अवमान. सरकारी वकील पिनार. त्याचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे, कारण तो मूर्ख नव्हता. तो म्हणाला, या पुस्तकात या बाईला दोष देऊ शकेल असं एक तरी पात्र आहे का? नवरा नाही, धर्मगुरू नाही, गावातला तो औषधविक्या नाही. कोणाच्याही तोंडून लेखक तिचा निषेध करत नाही. बचावाचे वकील सेनार म्हणाले, उलट हे पुस्तक नीतीचंच आहे. बघा, ती शेवटी आर्सेनिक खाऊन किती यातना भोगून मरते. हे वाचून कुणाला व्यभिचार करावासा वाटेल?

७ फेब्रुवारीला फ्लोबेर सुटला. कादंबरी पुस्तकरूपानं आली तेव्हा त्यानं ती सेनारना अर्पण केली. पण मला विचाराल तर कादंबरी पिनारला जास्त कळली होती. त्याला नेमकं दिसलं होतं की लेखकानं न्यायाधीशाची खुर्ची रिकामी ठेवली आहे. त्याचा राग त्या रिकाम्या खुर्चीवर होता. सेनारनी ती खुर्ची घाईघाईनं भरली, तिथे आर्सेनिक बसवलं. दोघांचाही विश्वास एकच, की बोध शेवटी असतो. फ्लोबेरनं मात्र वाचकाला एम्माच्या इतकं जवळ नेऊन ठेवलंय की निकाल द्यायला तो मागे सरकूच शकत नाही. आणि ही कादंबरी कशाबद्दल आहे? पुस्तकं वाचून त्यातली नायिका व्हायला निघालेल्या बाईबद्दल. रूसोचा प्रश्नच फ्लोबेरनं कथानक केला आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच पिनारनं बोदलेअरवर खटला चालवला आणि जिंकला. सहा कविता काढाव्या लागल्या. ती शिक्षा रद्द झाली १९४९ मध्ये.

आता एक माझी गोष्ट सांगतो. पस्तीसएक वर्षं झाली. पहिल्या वर्षाच्या वर्गावर नीतिशास्त्र शिकवत होतो, विषय कांटचं सत्यवचनाचं कर्तव्य. उदाहरण म्हणून मोपासाँची ‘हार’ ही १८८४ ची कथा सांगितली. आपल्याकडे शाळेच्या इंग्रजी पुस्तकातून पुष्कळांनी वाचली असेल. कारकुनाची बायको मातिल्द एका समारंभासाठी श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा हार उसना आणते, हार हरवतो. नवरा-बायको कर्ज काढून छत्तीस हजार फ्रँकचा तसाच हार आणून गुपचूप परत करतात आणि दहा वर्षं राबून कर्ज फेडतात. शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता, फार तर पाचशे फ्रँकचा. मी फळ्यावर लिहिलं: खरं सांगितलं असतं तर दहा वर्षं वाचली असती. वर्ग हसला, मीही खूश.

तास संपल्यावर एक मुलगी मागे आली. हळू आवाजात म्हणाली, “सर, माझी आई दुसऱ्यांच्या घरी काम करते. तिच्या हातून असं काही हरवलं असतं ना, तर तिनं पण हेच केलं असतं. खरं सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार?” मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे ते उत्तर नव्हतंच. मग ती म्हणाली, “आणि त्या मैत्रिणीनं डबी उघडूनसुद्धा बघितली नाही. का नाही बघितली, सर?”

मी घरी येऊन कथा पुन्हा वाचली. खरंच, ती मैत्रीण हार परत घेताना जरा नाराजीनं बोलते आणि डबी उघडत नाही. मी ही कथा दहा-बारा वेळा वाचली असेल. ते वाक्य माझ्या नजरेतून दर वेळी सुटलं होतं, कारण मी दर वेळी त्या मैत्रिणीच्या घरात उभा राहून वाचत होतो. हार उसना देणाऱ्यांच्या बाजूनं. ती मुलगी दाराबाहेर उभी होती. रूसोच्या त्या रडणाऱ्या मुलीबद्दल मी वर्गात अनेकदा बोललो होतो. प्रत्यक्ष समोर आली तेव्हा ओळखली नाही. खरं बोलण्याचं कर्तव्य सगळ्यांना सारखं आहे, हे मी आजही मानतो. पण खरं बोलायची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हे मला कांटनं शिकवलं नव्हतं.

मग निष्कर्ष असा काढायचा का, की वाचकाला आरोपी करणारं साहित्य ते श्रेष्ठ? मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. ते अर्धंच खरं आहे, हे काम्यूनं दाखवलं. त्याची ‘पतन’ ही छोटी कादंबरी १९५६ ची. क्लामाँस नावाचा पॅरिसचा नामांकित वकील. विधवांचे, अनाथांचे खटले लढवणारा, आंधळ्यांना हात धरून रस्ता ओलांडून देणारा. एका रात्री पुलावरून जाताना त्याला कठड्याशी वाकलेली एक तरुण बाई दिसते. तो पुढे जातो. मागे पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज येतो, मग किंकाळी. तो थांबतो, पण वळत नाही. कुणाला सांगतही नाही. पुढे सगळं सोडून तो ॲमस्टरडॅमच्या एका खलाशांच्या बारमध्ये बसतो आणि येणाऱ्या अनोळखी माणसापुढे आपला कबुलीजबाब देतो. पुस्तकभर तो एकटाच बोलतो आणि ज्याच्याशी बोलतो ती जागा आपली, वाचकाची.

आरोपी होण्याची ही परमावधी म्हणावी, नाही का? पण तो हे का करतो बघा. तो स्वतःला इतकं दोषी ठरवतो की ऐकणाऱ्याला स्वतःचं पाप आठवावं. ऐकणारा कोसळला की हा मोकळा, पुन्हा न्यायाधीश. सगळेच दोषी असतील तर त्या पुलावर वळून बघायची जबाबदारी कुणा एकाची राहत नाही. आत्मनिंदेचीही एक चाल असते. ला रोशफूको असता तर त्यानं हे आत्मप्रेमाचंच आणखी एक सोंग म्हणून ओळखलं असतं.

म्हणून मी शेवटी पुन्हा पेरेतकडे येतो. ला फोंतेनही स्वतःवर बोट ठेवतो, पण ते दाखवून तो तुमच्यावर काही वसूल करत नाही. तो हसतो, तुम्हालाही हसू देतो, आणि मग तुमचं तुम्हाला कळतं. साडेतीनशे वर्षांत नीतिबोधाचे एवढे प्रकार झाले, राजाश्रय झाला, बंदी झाली, खटले झाले, सरकारी क्रमिक पुस्तकं झाली. त्यात टिकून राहिलं ते तात्पर्य नव्हे. टिकल्या त्या गोष्टी, ज्यांनी वाचणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे दाखवलं आणि पुढचं त्याच्यावर सोपवलं.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यातला एक प्रश्न इथे देत आहोत.)

प्रश्न: सर, मग लहान मुलांना बोधकथा सांगायच्याच नाहीत का?

सांगा हो, जरूर सांगा. मी नातवंडांना सांगतो. फक्त गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलास?’ हे विचारणं मी सोडलंय. त्याचं उत्तर मुलांना पाठ असतं आणि ते आपल्याला खूश करायला देतात. ‘तू यात कोण होतास?’ असं विचारा. उत्तर कोल्हा आलं तर दचकू नका, रागावू नका. खरं उत्तर मिळालं म्हणून बरं वाटून घ्या आणि मग बोलायला लागा. आणि मुलानं उलट विचारलं, ‘आजोबा, तुम्ही कोण होता?’ तर तिथे टाळाटाळ करू नका. मी एकदा केली होती, त्याची गोष्ट आत्ताच सांगितली.

वेळ झाली.